भाऊजींचं इंग्रजीतलं मरण

सोनपेठच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आता निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेलं एकच काम या तालुक्याच्या बाहेर, पार समुद्रापलीकडं गेलं. ते गेलं नसतं तर एका घरातल्या दोन बायका आज एकमेकींशी बोलत असत्या.

बाजारपेठेत एक भांड्यांचं दुकान आहे. तिथल्या बाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. लिंगायत घर. यजमान पुढं गल्ल्यावर बसायचे आणि अक्का आत खिडकीपाशी भांड्यांवर नावं टाकायच्या. लग्नात, वास्तूला, बारशाला दिलेलं भांडं कुणाचं, कुणाकडून, हे मशीननं कोरून द्यायचं. लाईट गेली की छिन्नी-हातोडी. अक्षर मोत्यासारखं.

मी पहिल्यांदा गेले ते भाचीच्या लग्नासाठी परात घ्यायला. अक्कांनी परात हातात घेतली आणि विचारलं, "कुणाकडून टाकू?"

"आत्याकडून."

"मग परात कामून घेतली, मॅडम? परात मावशीनं द्यावी. आत्यानं घागर द्यावी."

"का?"

"परात रोज लागती. मावशीची आठवण रोज यावी. आत्याची सणासुदीला आली तरी लय झाली."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं हे साधं व्यवहारज्ञान होतं. मी घागर घेऊन आले आणि पुढच्या आठवड्यात काही कारण नसताना परत गेले. तिथून आमचं जाणंयेणं सुरू झालं. त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. मला कायम "मॅडम" म्हणायच्या, मी त्यांना "अक्का".

त्या लिहितात हे मला दोन वर्षांनी कळलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना शाळेच्या वह्यांत लिहायच्या. एकदा चहा आणायला आत गेल्या तेव्हा वही उघडीच राहिली होती. मी वाचायला लागले आणि चहा गार झाला.

ती एका एकत्र कुटुंबाची गोष्ट होती, भांड्यांवरून सांगितलेली. कुठलं भांडं कुणी दिलं, कुणी लपवलं, सासऱ्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हा कुणाच्या वाट्याला काय आलं, कुणाचं नाव कुणी घासून काढलं. त्यात दोन जावा होत्या. एका तांब्यावरून त्या अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या आणि निरोप मांजराला सांगायच्या. मी वाचताना इतकी हसले की अक्कांचे यजमान आत डोकावून गेले. शेवटी धाकटीच्या नवऱ्याला कावीळ होते. वैद्य उसाचा रस सांगतो. थोरली रोज सकाळी रस काढून आणते, धाकटी तो पाजते. घाईत हाताला लागतो तो तोच भांडणाचा तांब्या. तो भरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो, पण बोलणं मात्र अजूनही मांजराशीच. माणूस जातो. नंतर दोघी तो तांब्या चिंचेनं घासत बसतात आणि तिथं पहिल्यांदा थोरली धाकटीला म्हणते, "पाणी वत." एवढेच दोन शब्द. मला रडू आवरेना.

"हे खरं हाय का, अक्का?"

"खरंच की. थोरली म्या. भाऊजी जाऊन आता लय वर्षं झाली." त्यांनी आतल्या दाराकडं मान वळवली. तिथं त्यांची जाऊ शेंगा फोडत बसली होती. तीच ती धाकटी.

जाऊबाईंना वाचता यायचं नाही. अक्कांनी सगळं पुस्तक त्यांना वाचून दाखवलं होतं. आपण पुस्तकात आहोत याचा त्यांना इतका अभिमान होता, की आल्यागेल्याला सांगायच्या, "माह्या मालकाचं मरण असं लिव्हलंय अक्कानं, की ते परत आल्यावानी वाटतंय."

पुस्तक छापावं म्हणून मी आधी पुण्याच्या एका प्रकाशकाकडं पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, आशय चांगला आहे, पण भाषा प्रमाण करून दिलीत तर विचार करता येईल. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी आमी बोलतो ते काय, बिनाकल्हईचं भांडं?" शेवटी परभणीतल्या एका लहान छापखान्यानं होतं तसं छापलं. अक्कांनी प्रती लग्नात भांड्यासोबत वाटल्या. काही पुणे-मुंबईकडं गेल्या. एका समीक्षकानं "बोलीतला सुंदर दस्तऐवज" असं दोन ओळींत लिहिलं, आणि ते तिथंच संपलं.

मला ते संपू द्यायचं नव्हतं. सहकाऱ्यानं एका परदेशी पुरस्काराची माहिती पाठवली. फार मोठा पुरस्कार. ज्याला तो मिळतो ते पुस्तक जगभर जातं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, जगातल्या कोणत्याही भाषेतल्या कादंबरीसाठी खुला. खाली बारीक अक्षरात होतं, फक्त इंग्रजी अनुवाद पाठवावा, मूळ पुस्तक पाठवण्याची गरज नाही. मी तेव्हा ते वाचलं आणि पुढं गेले. अर्जात मूळ भाषा निवडायची होती. यादी वरून खाली, खालून वर पाहिली. त्यात मराठी नव्हतीच. 'इतर' वर खूण केली.

अनुवादाला दोन वर्षं गेली. कॉलेज सुटलं की दुकानात जायचं, अक्कांशेजारी बसायचं, एकेक पान करायचं. त्यांच्या पुस्तकात कुणीच एकसारखं बोलत नाही. सासू हैदराबादेच्या राज्यात वाढलेली, तिच्या बोलण्यात निम्मी उर्दू. थोरली जाऊ, म्हणजे अक्का स्वतः, सीमेकडची, कानडी हेल काढणारी. कल्हईवाला दखनी बोलतो. धाकटी जिंतूरकडच्या खेड्यातली, तिचं बोलणं म्हणजे हाय-न्हाई आणि शिव्या. एकदा अक्का म्हणाल्या, जे झालंय ते वाचून दाखवा. मी म्हटलं, इंग्रजीत आहे. "असू द्या. नुसता आवाज ऐकते."

मी दहा पानं वाचली. त्या हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मॅडम, हे सगळे एकाच तोंडानं बोलायलेत की."

मी काहीतरी सांगितलं, इंग्रजीत तसं होतं, वाचणाऱ्याला समजतं. त्यांनी मान हलवली. पण त्यांचं बरोबर होतं. माझ्या इंग्रजीत सासू, सून, कल्हईवाला, मांजर सगळे कॉलेजातल्या क्रमिक पुस्तकासारखे बोलत होते. मला एवढीच इंग्रजी येत होती.

मी मूळची बोरीची. एम.ए.ला मोठ्या शहरात गेले तेव्हा पहिल्याच तासाला मी काहीतरी विचारलं आणि वर्ग हसला. प्रश्नाला नाही, माझ्या 'न्हाई'ला हसला. त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडलं नाही. खोलीत बसून शहरातल्या मुलींसारखं बोलायला शिकले. समोरच्याला काय ऐकायचंय ते आधी ओळखायचं आणि तेच बोलायचं, हे माझ्या अंगात तिथून शिरलं. हे सांगतेय ते स्वतःला सोडवून घ्यायला नाही. पुढं जे झालं ते कसं झालं, हे कळावं म्हणून सांगतेय.

अनुवाद पाठवल्यावर आठ महिन्यांनी ईमेल आलं. पुस्तक पुढच्या फेरीत गेलं होतं. प्रत्येक पुस्तकाला एक संपादक मिळणार होता, परीक्षकांपुढं जाण्याआधी हस्तलिखित तयार करायला. मी ईमेलची प्रिंट काढून दुकानात पळत गेले. अक्का म्हणाल्या, "त्यांना कळलं का हो, मांजराचं?" मी म्हटलं, कळलं असणार, म्हणूनच घेतलं.

संपादकबाईंशी मोबाईलवर व्हिडिओवरून बोलणं झालं. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. पिकलेल्या केसांच्या, अतिशय सौम्य बाई. त्या उर्मट असत्या तर मी भांडले असते. त्या दोनदा भारतात येऊन गेल्या होत्या, नमस्कार केला, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग हळूहळू मुद्द्यावर आल्या.

"तुमच्या भागाबद्दल मी बरंच वाचलंय," त्या म्हणाल्या. "दुष्काळ, शेतकऱ्यांचे मृत्यू. या पुस्तकात ते कुठंच कसं नाही?"

"ही एका घराची गोष्ट आहे," मी म्हटलं. "त्यांचं भांड्यांचं दुकान आहे."

"हो, पण थोडी शेतीही आहे ना? धाकटा भाऊ शेती बघतो."

"बघतो."

"आणि तो आजारी पडतो, त्याची चाळीस पानं आहेत. त्या पानांत बायका तांब्यावरून भांडतात. तिथं हसावं की नाही, हे मला कळलं नाही. परीक्षकांनाही कळणार नाही. वाचकाला धरायला काहीतरी ओळखीचं लागतं." पुढं म्हणाल्या, "मी सुचवतेय फक्त. त्याच्या मरणाचं कारण इतकं स्पष्ट नसलं तर? ते वाचकावर सोडलं तर?"

त्यांनी 'आत्महत्या' हा शब्द उच्चारला नाही. मीही नाही. आम्हा दोघींनाही कळलं.

मी पंधरा दिवस काही केलं नाही. मग एका रविवारी बसले. मधल्या एका प्रकरणात पाऊस न झालेल्या वर्षाचा उल्लेख होता, तो उचलून पहिल्या पानावर आणला. काविळीची चाळीस पानं सहा केली. रस गेला, वैद्य गेला, मांजर गेलं. शेवटी एक वाक्य घातलं, की तो सकाळी विहिरीजवळ सापडला आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. एकच वाक्य. इंग्रजीत फार चांगलं उतरलं होतं ते. त्या पुस्तकातलं ते माझं सगळ्यात सुंदर वाक्य होतं आणि ते अक्कांचं नव्हतं.

अक्कांना मी सांगितलं, "तिकडच्या लोकांसाठी थोडं कमीजास्त केलंय."

"तुमाला कळतंय ते करा," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय?"

मी तेवढ्यावर थांबले. काय कमी केलं, काय जास्त, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझ्यावर विश्वास होता.

पुस्तक शेवटच्या सहांत आलं. त्या आठवड्यात सोनपेठमध्ये जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. चौकात फलक लागला. नगरपालिकेच्या सभागृहात सत्कार झाला, शाल, श्रीफळ, भाषणं. एका पुढाऱ्यानं अक्कांना "आपल्या मातीची जागतिक लेक" म्हटलं. अक्का खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. शेजारी जाऊबाई नवं लुगडं नेसून. कुणीतरी माईक पुढं केला तेव्हा अक्का म्हणाल्या, "म्या काय केलं न्हाई. घरातलंच लिव्हलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या परदेशी संस्थेनं प्रत्येक पुस्तकावर चार ओळी प्रसिद्ध केल्या होत्या. आमच्या पुस्तकावरच्या ओळी एका स्थानिक दैनिकानं मराठीत करून छापल्या. मी तो अंक पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला, "मॅडम, जरा येऊन जाता का?"

दुकानात गेले तर यजमान गल्ल्यावर नव्हते. अक्का खिडकीपाशी बसल्या होत्या, मशीन बंद. पुढ्यात पेपर. आतल्या दारात जाऊबाई उभ्या होत्या.

"मॅडम, आमचे भाऊजी कशानं गेले?" अक्कांनी विचारलं.

"काविळीनं."

"मग ह्ये काय आलंय?"

पेपरात मथळा होता, शेतकरी आत्महत्येवरील कादंबरी जागतिक पुरस्काराच्या शर्यतीत. खाली लिहिलं होतं, दुष्काळाने पिचलेल्या कुटुंबातील तरुण शेतकऱ्याच्या आत्महत्येची मूक कहाणी.

"अक्का, पेपरवाल्यांनी..." मी सुरुवात केली.

"त्यांनी मनानं लिव्हलं का तुमी लिव्हलं?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. ते जमलं नाही इतकंच.

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "माह्या मालकानं जीव दिला म्हणून सकाळपासून लोक यायलेत माय. पोराच्या सासरहून फोन आला, आमाला लपवून ठिवलं म्हणून. मी त्यायला सतरा दिवस रस पाजला. ह्या हातानं पाजला." त्यांनी हात पुढं केला. मग अक्कांकडं बघून म्हणाल्या, "तुमीच दिलं ना लिव्हायला? तुमीच दिलं."

"मला ठाऊक न्हवतं गं," अक्का म्हणाल्या.

जाऊबाई आत गेल्या. मी अक्कांपुढं सगळं सांगितलं, संपादकबाई काय म्हणाल्या, मी काय काढलं, काय घातलं. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "त्यांना काविळीनं मेलेला माणूस चालत न्हाई का?"

मी तो पेपर घडी घालून पिशवीत टाकला आणि उठले.

त्याच दिवशी मी संस्थेला सविस्तर लिहिलं. मूळ पुस्तकात असं नाही, दोष माझा आहे, एकतर मजकूर दुरुस्त करू द्या नाहीतर पुस्तक मागं घ्या. सहा दिवसांनी नम्र उत्तर आलं. अंतिम यादीनंतर मजकूर बदलता येत नाही. संपादनाच्या सगळ्या सूचना ऐच्छिक होत्या, आणि अनुवादकानं अर्जावर लेखिकेच्या वतीनं संमती दिलेली आहे. सही माझीच होती. मी विचारलं, मूळ मराठी पुस्तक पाठवू का, कुणाला तरी दाखवा. त्यावर लिहिलं होतं, परीक्षक मंडळात ती भाषा वाचणारं कुणी नाही.

स्थानिक दैनिकाला खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर खाली आला. ज्यांनी मथळा वाचला होता त्यांच्यातल्या कुणीच तो वाचला नाही.

पुरस्कार मिळाला नाही. तो युरोपातल्या एका मोठ्या भाषेतल्या कादंबरीला मिळाला. मी ती मागवून वाचली. एका म्हाताऱ्या बाईची आणि तिच्या शेजारणीची गोष्ट होती. दोघी चाळीस वर्षं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडतात. पुस्तक विनोदी होतं आणि खरोखर चांगलं होतं. कुणी त्या बाईंना विचारलं नसावं, तुमच्या देशात युद्ध झालं होतं ना, ते यात कुठंय.

आमच्या पुस्तकाबद्दल परीक्षकांनी एक ओळ लिहिली होती. कळकळीची साक्ष आहे, परंतु कथावस्तू काहीशी परिचित वाटते.

जाऊबाई दिवाळीआधी लेकाकडं देवगाव फाट्याला राहायला गेल्या. सामान टेम्पोत भरलं तेव्हा अक्का बाहेर आल्या होत्या, पण दोघींमध्ये शब्द झाला नाही. अक्कांनी निरोप धाडले, माणसं पाठवली, एकदा स्वतः एसटीनं जाऊन आल्या. जाऊबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आणि सून पुढं करून स्वतः आत निघून गेल्या. अक्का शेवटच्या गाडीनं परत आल्या.

त्यांनी त्यानंतर लिहिलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "लिव्हलं की कुठं जाईल त्याचा भरवसा न्हाई." दुकानात मी अजून जाते. त्या "या, बसा" म्हणतात, चहा सांगतात, तब्येत विचारतात. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. गिऱ्हाईक आलं की त्या उठतात आणि ते गेल्यावर परत माझ्याशेजारी येऊन बसत नाहीत.

मी सगळा अनुवाद पुन्हा केला. चाळीसच्या चाळीस पानं, वैद्य, रस, मांजर, सगळं. इंग्रजी अजून तशीच आहे, सगळे एकाच तोंडानं बोलतात, पण भाऊजी काविळीनं जातात. सहा-सात प्रकाशकांना पाठवला. चौघांनी उत्तर दिलं नाही. बाकीच्यांचं म्हणणं, या पुस्तकाची एक आवृत्ती आधीच चर्चेत येऊन गेलीय, आता पुन्हा रस कुणाला वाटणार. अक्कांचं नाव इंटरनेटवर शोधलं तर पहिल्यांदा त्या चार ओळी येतात. जाऊबाईंचा नातू बारावीला आहे, तो कधीतरी शोधेलच.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती प्राथमिक शाळेत शिकवते, दोन लेकरांची आई आहे. त्याच पुरस्काराला पाठवायला तिनं कादंबरी लिहायला घेतलीय, थेट इंग्रजीतून. "मराठीत लिहून मग अनुवाद कामून करायचा, मॅडम?" ती म्हणाली. पहिली पंचवीस पानं आणली होती. तिचं गाव गोदावरीच्या काठावर. लहानपणापासून तिनं घरात पुराचं पाणी शिरलेलं पाहिलंय. वर्गात असताना पुरात वाहून गेलेल्या म्हशीची आणि ती परत मिळाल्यावर गावानं काढलेल्या मिरवणुकीची गोष्ट ती इतकी रंगवून सांगायची की आम्ही तास विसरायचो.

पानं चाळली. भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, आकाशाकडं बघणारा बाप.

"तुझे वडील तर तलाठी होते," मी म्हटलं.

"हो, पण तलाठ्याचं तिकडं कोण वाचणार?" ती हसून म्हणाली.

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. म्हशीचं लिही म्हणायचं होतं. पण ते लिहून ती कुठं पाठवणार, हे मला सांगता आलं नसतं. मी व्याकरणाच्या दोन चुका दाखवल्या, एका ठिकाणी क्रियापदाचा काळ दुरुस्त केला, आणि पानं तिच्या हातात परत दिली.